चौथा रकाना

शके अठराशे एकवीस. गंगेला घोट्याइतकंच पाणी.
निखत म्हणाली, बरोबर उतरलो, वास घे.
जळका चुना, ऊद, उवांसाठी डोक्याला चोळलेलं घासलेट.
तांबट आळीतून ठोके येत होते,
आणि दर ठोक्याला अंगावरचं एकेक वर्ष
कल्हईसारखं निघून जात होतं.

धर्मार्थ दवाखाना. चौदा खाटा, एकतीस माणसं.
दारावरच्या फळीवर कोळशानं लिहिलेलं:
इथे पैसे मागत नाहीत.
खरंच मागत नव्हते.

आम्ही आधी पावलं पाहिली. उलटी नव्हती.
सावल्याही होत्या, वेळेवर लांबणाऱ्या.
डॉक्टर, कंपौंडर आणि पाणी पाजणारी शेवंताबाई,
तिघांचं बोलणं शुद्ध, एक मात्रा चुकत नव्हती,
पण त्या मराठीला गाव नव्हतं.
मग निखतनं खूण केली: माश्या.
भिंतीवर, भाकरीवर, बुधा ठाकराच्या पापणीवर माश्या.
त्या तिघांवर एकही नाही.

रात्री त्यांचं जेवण सुरू झालं.
आवाज नाही, रक्त नाही.
डॉक्टर कपाळावर हात ठेवायचा,
अगदी आपण ठेवतो तसा,
आणि ताप पिऊन घ्यायचा.
गाठीचा, भुकेचा, बाळंतिणीचा.
हुसेनबी हसली, म्हणाली, बरं वाटलं रे बाबा.
पहाटे तिचं अंग
रिकाम्या घंगाळासारखं गार.
नोंदवहीत: ताप उतरला.
त्यात खोटं काहीच नव्हतं.

ती वही मी ओळखत होते.
माझ्या काळात ती कचेरीच्या तळघरात असते.
नाव. गाव. आजार. चौथा रकाना, नातेवाईक.
जिथे 'कोणी नाही', तिथेच ताप उतरलेला.
वर्षभर मी त्यावर बोट फिरवत होते
आणि हिशेब लागत नव्हता.

मी त्याला सरळच विचारलं.
तो दचकला नाही. चेहरा क्षणभर
दुधावरच्या सायीसारखा हलला; खाली काहीतरी
फार जुनं, थंडीनं काकडलेलं.
म्हणाला, आमचा सूर्य विझला.
म्हणाला, तुमची ऊब तुम्ही उकिरड्यावर टाकता.
म्हणाला, ज्याला विचारणारं कोणी आहे
त्याला आम्ही कधी हात लावला? वही बघा.

वही बघितली. तो खरं बोलत होता.
तेच सहन होईना.

निखतकडे हत्यार होतं. तिनं ते ओच्यात परत खोचलं.
टेबलावर बोरू, दौतीत वाळलेली शाई. मी थुंकी लावली.
बुधा ठाकर. नातेवाईक: बहीण.
सगुणा बुरूड. नातेवाईक: मुलगी.
एका रात्रीत मी अकरा जणांची कोणीतरी झाले,
निखत नऊ जणांची.
एका पोराच्या आम्ही दोघीही आया.
भांडायला वेळ नव्हता.

डॉक्टर वाचत गेला. हात खाटेपर्यंत आला
आणि मागे गेला.
उजाडताना तिघं सोमेश्वराच्या वाटेनं निघाले.
शेवंताबाई तेवढी मागे वळली,
भरलेला तांब्या उंबऱ्यात ठेवून गेली.

सगळे वाचले नाहीत.
बुधा तिसऱ्या दिवशी गेला, पण तापलेला,
शिव्या देत, पाणी मागत, मला ताई म्हणत.
दुपारपर्यंत त्याचा हात कोमट होता.
मला माहीत आहे, तो माझ्या हातात होता.

परतल्यावर तळघरात वही उघडली.
वाळवीनं गावं खाल्लीत, आजार खाल्लेत.
चौथा रकाना शाबूत,
माझी वेलांटी, बोरूनं लठ्ठ झालेली.
फक्त हुसेनबीपुढे अजून 'कोणी नाही'.
तिथे आम्हाला उशीर झाला होता.
निखत ते पान उलटत नाही.

पितृपक्षात गंगेवर गुरुजी विचारतात,
ठाकर? हा तुमचा कोण?
मी म्हणते, वही बघा.